तळाशी बसलेले लोखंड

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी लेख पाठवावेत, असा निरोप आला तेव्हा प्रथम संकोचच वाटला. मी लेखक नव्हे, वक्ता तर मुळीच नव्हे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींच्या शॉक ॲब्सॉर्बरची चाचणी घेणाऱ्या विभागात मी नोकरी करतो. यंत्रावर दट्ट्या दिवसभर वर-खाली होत असतो आणि पडद्यावर उमटणाऱ्या रेषा मी वाचत असतो. अशा माणसाने शाळेविषयी काय लिहावे? मग आठवले की, या कामाची पहिली ओळख मला आपल्या शाळेतच, एका काचेच्या पेल्यात झाली होती. त्या पेल्याविषयी, आणि त्याने माझ्यापुढे टाकलेल्या एका प्रश्नाविषयी लिहिण्याचे ठरविले.

त्याआधी थोडे मागे जावे लागेल. आमची वाडी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीच्या बाजूस. मी चौथीत असताना, मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी घर शाकारताना आबा आढ्यावरून खाली पडले. कमरेखालचे अंग हलेना. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. तेव्हा ती नव्हती. शेजारच्या गावातून एक जीप मिळाली. मागच्या बाकांवर फळी आडवी टाकली, फळीवर घोंगडी आणि घोंगडीवर आबा. आई आणि चुलते दोन्ही बाजूंनी त्यांना धरून बसले. मी पायाशी होतो.

ती जीप एरवी पंधरा-पंधरा माणसे वाहणारी. तिचे पाटे तेवढ्या ओझ्यासाठी ताठ केलेले. आत आम्ही मोजकीच माणसे, म्हणून ती अधिकच उसळत होती. हे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी एवढेच दिसत होते की, चालक हळू चालवीत असूनही गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळते आहे. आबा ओरडले नाहीत. दर धक्क्याला ते आईचे मनगट आवळीत. पौडला थांबून आम्ही पुढे पुण्यास पोहोचलो, तोवर तिच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. डॉक्टरांनी विचारले, “कशातून आणलंत?” उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प राहिले. मणक्याला मार लागलेल्या माणसाला हलू न देता आणायचे असते, हे आम्हांला तेव्हा प्रथम समजले.

आबांचा जीव वाचला. पुढे ते काठीच्या आधाराने अंगणापर्यंत चालू लागले. पण नांगर त्यांनी पुन्हा धरला नाही. त्यांच्या शरीराचे जे नुकसान झाले, त्यातील किती आढ्यावरून पडल्याने झाले आणि किती त्या वाटेने, हे मोजण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. घरात खाणारी तोंडे पाच आणि मजुरी करणारी एकटी आई. पुढच्याच जूनमध्ये एक पत्र्याची पेटी घेऊन मी आपल्या वसतिगृहात दाखल झालो.

आठवीत असतानाची गोष्ट. विज्ञानाच्या सरांनी पिरंगुटच्या एका कारखान्यातून ग्राइंडरखाली साचणारी लोखंडाची भुकटी आणली होती. भोजनगृहातून वाटीभर गोडे तेल मागून घेतले. भीमजयंतीच्या कार्यक्रमात निकामी झालेल्या कर्ण्यातले जाड, गोल चुंबक त्यांनी जपून ठेवले होतेच. काचेच्या पेल्यात तेल आणि भुकटी ढवळून त्यांनी काळसर, पातळ पिठल्यासारखे मिश्रण केले. त्यात एक काडी उभी धरली आणि सोडली. ती आडवी पडली. मग पेल्याखाली चुंबक ठेवले आणि काडी पुन्हा धरून सोडली. ती उभीच राहिली. चुंबक काढले, काडी कलली आणि पडली. वर्गात एकच गलका झाला.

सरांनी विचारले, “तेल बदललं का?” नाही. “लोखंड बदललं?” नाही. “मग बदललं काय?” आम्ही गप्प. ते म्हणाले, “कणाकणांतला संबंध बदलला. कारण हजर होतं तोवर ते एकमेकांना धरून राहिले. कारण गेलं, तशी पकड सुटली.” धम्माच्या तासाला प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द आम्ही नुकताच शिकलो होतो. एका मुलाने उत्साहाने विचारले, “म्हणजे हे भगवान बुद्धांना माहीत होतं का, सर?” सर हसले. म्हणाले, “तसं म्हणू नये. त्यांनी दुःखाची कारणं शोधली, तेलाची नाही. पण कारण शोधायची सवय लागली, तर ती दोन्हीकडे उपयोगी पडते.” एवढ्यावर त्यांनी तो विषय थांबविला. आज इतक्या वर्षांनी मला त्या थांबण्याचे मोल अधिक वाटते.

पेला रात्रभर खिडकीत राहिला. सकाळी वंदना आटोपून मी धावत प्रयोगशाळेत गेलो. वर स्वच्छ पिवळे तेल, तळाशी काळा चिखल. बाजूने चुंबक लावून पाहिले; वरच्या तेलावर काहीच परिणाम होईना. मी हिरमुसलो. सरांनी माझी प्रयोगवही मागवून घेतली. आदल्या दिवशीचे वर्णन मी हौसेने दीड पान लिहिले होते. ते म्हणाले, “काल जे झालं ते लिहिलंस. आज जे झालं नाही, तेही लिही.” मी एक ओळ लिहिली : लोखंड तळाशी बसले, म्हणून प्रयोग झाला नाही.

त्या पेल्यातील मिश्रणास शास्त्रात मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल द्रव, थोडक्यात एमआर द्रव म्हणतात, हे मला पुढे पुण्यात अभियांत्रिकीची पदविका घेताना कळले. याचे जनक जेकब राबिनो. रशियन साम्राज्यातल्या खारकोव्ह शहरात १९१० साली जन्मलेला हा मुलगा तेथील उलथापालथीतून १९२१ मध्ये अमेरिकेस पोहोचला आणि पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत अभियंता झाला. तेथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने तेलात लोखंडाची अतिसूक्ष्म भुकटी मिसळून चुंबकाच्या नियंत्रणाखाली चालणारा क्लच तयार केला.

द्रवाची कृती वाचताना सोपी वाटते. कण साधारण एक ते दहा मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान. एरवी ते तेलात विखुरलेले असतात. चुंबकीय क्षेत्र लागू होताच प्रत्येक कण जणू छोटेसे चुंबक होतो, एकाचे टोक दुसऱ्यास धरते आणि क्षेत्राच्या दिशेने साखळ्या उभ्या राहतात. द्रवाला वाहायचे असेल तर या साखळ्या तोडाव्या लागतात. म्हणून तो घट्ट भासतो. क्षेत्र काढताच तो पुन्हा पातळ. हे सारे काही मिलिसेकंदांत घडते.

आता शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला शॉकअप. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि मग उसळते. ती उसळी शमविणे हे शॉकअपचे काम. आत एक दट्ट्या तेलातून वर-खाली होतो. तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि धक्क्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने विरते. अडचण अशी की, छिद्रे कारखान्यातच ठरून जातात. लहान ठेवली तर गाडी वळणावर स्थिर राहते, पण खराब रस्त्यावर हाडे खिळखिळी करते. मोठी ठेवली तर प्रवास मऊ होतो, पण गाडी डोलू लागते. प्रत्येक साधा शॉकअप ही एक तडजोडच असते. एमआर द्रवाने ही तडजोड सैल केली. दट्ट्यातच तारेचे वेटोळे बसवायचे. त्यातून वीज सोडली की द्रव घट्ट, कमी केली की सैल. छिद्र तेच, परंतु द्रवाचा स्वभाव क्षणोक्षणी बदलता येतो. वीज गेलीच, तरी गाडी अडत नाही; तो साध्या, मऊ शॉकअपसारखा काम करीत राहतो.

२००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल या अमेरिकी मोटारीत असे शॉकअप प्रथम आले. पुढे फेरारी, ऑडी यांसारख्या मोटारींनी ते स्वीकारले. इंजिनाची थरथर अडविणाऱ्या आधारांतही हा द्रव वापरला गेला आहे. उद्याच्या विजेवरच्या मोटारींत पायाखालचा ब्रेक आणि चाक यांना नळीऐवजी केवळ तार जोडील, तेव्हा ब्रेक आणि क्लच यांतही त्यास जागा मिळावी म्हणून संशोधन चालू आहे.

हे वाचून मी भारावलो होतो. पदविकेच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी हाच प्रकल्प घेतला. जुन्या मोटारसायकलचा शॉकअप कापून त्यात वेटोळे बसविले, सिलिकॉन तेल आणले, महागडी कार्बोनिल लोखंडाची भुकटी वर्गणी काढून थोडीशी विकत घेतली. पहिल्या दिवशी यश आले. वीज सोडताच दट्ट्या हाताने रेटवेना. आलेख काढला, छायाचित्रे घेतली. नंतर दिवाळीची सुट्टी लागली आणि आमचे यंत्र तीन आठवडे कोपऱ्यात उभे राहिले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वीज सोडली, तर काहीच फरक जाणवेना. उघडून पाहिले : वर स्वच्छ तेल, तळाशी लोखंडाची वडी, चमच्याने खरवडावी इतकी कठीण. आठवीतला पेला डोळ्यांसमोर आला. मित्र म्हणाला, “जुना आलेख आहे ना आपल्याकडं? तोच लावू. कोण खोलून बघणार आहे?” खोटे सांगायचे, तर कोणी पाहणार नव्हते. रात्रभर मला झोप लागली नाही. रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाचा अर्थ, निदान माझ्यापुरता, तोंडपाठ एवढाच राहिला होता. त्या रात्री तो समोर उभा राहिला. अखेर अहवालाच्या शेवटी आम्ही एक पान वाढविले : तीन आठवडे स्थिर ठेवल्यावर परिणाम नाहीसा झाला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमचे यंत्र चालले नाही म्हणून गुण कमी दिले. ते योग्यच होते. मात्र ते शेवटचे पान त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, “सगळे जण गाडी धावते तेव्हाचं लिहितात. गाडी उभीही राहते, हे तुम्ही लिहिलंत.” हे वाक्य मी तेव्हा केवळ दिलासा म्हणून ऐकले. त्याचा खरा अर्थ उमगण्यास नोकरीची काही वर्षे जावी लागली.

लोखंड तेलापेक्षा जवळजवळ आठपट जड. ते खाली जाणारच. मग कण आणखी बारीक का करू नयेत? तेही करून झाले आहे. नासातील स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ च्या सुमारास अवकाशातील इंधनासाठी असा द्रव तयार केला. त्यातील कण इतके सूक्ष्म की ते कधी तळाशी बसत नाहीत. पण तो द्रव चुंबकाकडे ओढला जातो, दगडासारखा घट्ट होत नाही. जो कण पकड घेण्याइतका मोठा, तो बसण्याइतका जडही असतो. या पेचातून पूर्ण सुटका नाही. वाट आहे ती एवढीच : द्रवात चिकणमातीसारखे, ग्रीससारखे पदार्थ घालून लोखंड घट्ट वडी न होता मऊ गाळाच्या रूपात बसेल असे पाहायचे, म्हणजे दट्ट्याच्या चार-दोन हालचालींत ते पुन्हा मिसळते. चांगले द्रव हे साधतात आणि म्हणूनच महाग असतात. शिवाय हे कण बारीक कानशीसारखे सील घासतात, आणि फार वापरानंतर द्रव स्वतःच दाट होऊ लागतो.

आता प्रश्न असा : रोज धावणाऱ्या मोटारीत लोखंड तळाशी बसले तर काय बिघडते? फारसे काही नाही. दहा-वीस पावलांत ते मिसळते. पण जी गाडी दिवसेंदिवस उभी असते आणि बोलावणे येताच पहिल्या क्षणापासून जिला नीट धावावे लागते, तिचे काय? अशी गाडी कोणती, हे मला एका संध्याकाळी चाकणहून घरी जाताना लक्षात आले. डोंगरातल्या आरोग्य केंद्राबाहेर उभी असलेली रुग्णवाहिका.

रुग्णवाहिकाही बहुधा माल किंवा पुष्कळ प्रवासी वाहणाऱ्या गाडीच्या सांगाड्यावर बांधलेली असते. स्प्रिंगा ताठ, आत ओझे कमी, म्हणजे आमच्या जीपचाच हिशेब. जिला या द्रवाची सर्वांत अधिक गरज, तिच्याच बाबतीत त्याचा दोष सर्वांत अधिक जाचक. आणि तो दोष दूर करण्यावर पैसा खर्च करण्याची घाई कोणालाही नाही, कारण आजवर हा द्रव ज्यांनी विकत घेतला त्यांच्या गाड्या गुळगुळीत रस्त्यांवर रोज धावतात.

मुळशीच्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. आमच्या खोऱ्याचे पाणी अडवून वीज करण्याची योजना आली, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच. गावे पाण्याखाली गेली, पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरले आणि वीज मुंबईस गेली. धरणाच्या काठावरील आमच्या वाडीत मात्र माझ्या लहानपणी कंदीलच होता. मी यंत्रांचा विरोधक नाही. त्यांच्यावरच माझे घर चालते. परंतु कोणतेही नवे यंत्र पाहिले की मला त्याच्या वेगाआधी एक गोष्ट विचाराविशी वाटते : हे कोणाच्या देहाचे हादरे कमी करणार आहे?

याचे एक आशादायक उत्तर या द्रवाच्या इतिहासातच आहे. आलिशान मोटारीत शिरण्यापूर्वी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत हा द्रव अवजड ट्रकच्या चालकाच्या आसनाखाली आला होता. दिवसभर हादरे खाणाऱ्या माणसाची पाठ वाचावी म्हणून अख्खा ट्रक नव्हे, केवळ एक आसन सांभाळले गेले. वाटीभर द्रव, एक लहानसा दट्ट्या. मग स्ट्रेचर का सांभाळता येऊ नये? गाडीचे चारही शॉकअप बदलण्याचा खर्च नको. रुग्ण ज्या फळीवर निजला आहे, तिच्याखाली मऊ स्प्रिंग आणि एक असा शॉकअप बसवावा. उभ्या गाडीत द्रव बसू नये म्हणून दररोज सकाळी इंजिन तपासतात त्या वेळी स्ट्रेचर दहा वेळा दाबून सोडण्याचा नेम ठेवावा. रवी फिरवल्याशिवाय ताक होत नाही, तसेच हे.

सुट्टीच्या दिवशी, दोन सहकाऱ्यांसह, मी या कल्पनेवर काम करतो आहे. यश आले असे सांगण्याजोगे काही नाही. साध्या स्प्रिंगनेच निम्मे काम भागेल आणि द्रवाची गरज उरणार नाही, असेही निष्पन्न होऊ शकते. तसे झाले तर तेच लिहू. खड्डा बुजविणे हे कोणत्याही द्रवापेक्षा स्वस्त आणि खात्रीचे आहे, हेही मी विसरलेलो नाही. आबांना मी हे सारे सांगतो तेव्हा ते शांतपणे ऐकतात. मागच्या खेपेस त्यांनी एकच विचारले, “ते लोखंड अजून खालीच बसतंय का रं?” मी म्हटले, “बसतंय, आबा. पण आता वडी होत नाही.” ते म्हणाले, “मग बरं चाललंय.”

शाळेस भेट म्हणून मी झाकण पक्के लावलेली एक काचेची बाटली आणि एक कोरी वही पाठविली आहे. बाटलीत आम्ही तयार केलेला द्रव आहे. विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, ती प्रयोगशाळेच्या कपाटात न हलविता ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी वर किती तेल निवळले, ते पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहावे. वर्षाच्या शेवटी बाटली उलटी करावी आणि लोखंड किती वेळा हलविल्यावर पुन्हा मिसळते, ते मोजावे. मिसळलेच नाही, तर तेही लिहावे. त्या आकड्यांची मला चाकणमध्ये खरोखरच गरज आहे.